सोर्स कोडमध्ये राहिलेला आधार क्रमांक कसा शोधतात?

न्हावरे असो की पुणे, मुलांचे आधार क्रमांक शाळा सरल, यू-डायस प्लसवर भरते. काही शाळा खासगी हजेरी ॲपलाही देतात. ॲप चालतं सोर्स कोडवर, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांवर. चाचणीसाठी कुणी त्यात खरा क्रमांक लिहिला, तर कोड वाचणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो.

शोधायचा कसा? आकारावरून. आधार १२ अंकी असतो, ० किंवा १ ने सुरू होत नाही. शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून ‘व्हेरहोफ’ पद्धतीने काढलेला असतो. तो जुळला नाही तर आधार नाहीच. जुळला तर नीट तपासायचं.

मग माग काढायचा. फॉर्ममध्ये भरलेला क्रमांक फक्त डेटाबेसमध्ये जातो, की लॉग फाइलमध्येही उघडा छापला जातो? आणि कोडमधली ओळ नुसती पुसून भागत नाही. ‘गिट’मध्ये जुनी आवृत्ती शिल्लक राहते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. म्हणून ॲप घेण्याआधी विचारा : “कोड, लॉग आणि जुन्या आवृत्त्या तपासल्यात का?”