चेरोकी वंशाचा शोध आणि डॉझ नोंदवही

‘आमची पणजी चेरोकी होती’ असे सांगणारी कुटुंबे अमेरिकेत पुष्कळ आढळतात; तथापि चेरोकी नेशनचे नागरिकत्व कौटुंबिक आख्यायिकेवर अथवा डीएनए चाचणीवर मिळत नाही. स्वतःपासून मागे जात, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या आधारे, डॉझ नोंदवहीत नाव असलेल्या थेट पूर्वजापर्यंत पोहोचावे लागते. ही नोंदणी मुख्यत्वे १८९८ ते १९०६ या काळात, सामूहिक जमिनीचे व्यक्तिगत वाटप करण्यासाठी झाली. वंशावळ जतन करणे हा तिचा हेतूच नव्हता. चेरोकींच्या दास्यातून मुक्त झालेल्यांची नावे स्वतंत्र यादीत, रक्तांश न लिहिता घातली गेली. काहींची माता अथवा पिता चेरोकी असूनही! १८६६ च्या तहाने त्यांना दिलेला नागरिकत्वाचा हक्क त्यांच्या वंशजांना संघीय न्यायालयाकडून २०१७ मध्ये मान्य करून घ्यावा लागला.