विणता ‘येणं’ म्हणजे काय? लोकर, दोन सुया आणि शेजारी बसलेलं माणूस



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस लोकरीच्या विणकामावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांचा एक विणकाम गट आहे. निवृत्तीनंतर मी तिथे जाऊ लागलो. ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न तिथे दर आठवड्याला समोर येतो, म्हणून हा विषय घेतला. विणायला सुरुवात कशी करायची, आणि ही विद्या गटात बसूनच नीट का येते, या दोन गोष्टी आज एकत्र पाहू.

आधी भाषेकडे बघा. ‘पुणे मुठेकाठी आहे’ हे मला माहीत असतं. पण पोहणं? ‘मला पोहायला येतं’ असं आपण म्हणतो. मराठीत माहिती ‘असते’ आणि कौशल्य ‘येतं’. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४५ साली एका व्याख्यानात हाच भेद मांडला. प्रत्येक कुशल कृतीच्या आधी मनात एखादा नियम आठवावा लागतो, हे मत त्यांनी तपासून पाहिलं. तसं असेल, तर तो नियम आठवणं आणि योग्य जागी लावणं हीसुद्धा कुशल कृतीच झाली. मग तिच्याआधी आणखी एक नियम हवा, त्याच्याआधी आणखी एक. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत हा अनवस्था दोष. म्हणजे कुठेतरी हाताला थेट कळायला लागतं, हे मान्य करावंच लागतं.

आता हे सुयांवर आणू. सुलट टाक्याची कृती चार शब्दांत सांगता येते: घाला, गुंडाळा, ओढा, सोडा. उजवी सुई डाव्या सुईवरच्या टाक्यात पुढून मागे घालायची, तिच्याभोवती लोकर गुंडाळायची, तो फास टाक्यातून पुढे ओढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. आता तुम्हा सगळ्यांना हे माहीत झालं. पण विणता आलं का? नाही. लोकर बोटावर किती ताणून धरायची, हे या चार शब्दांत कुठेच नाही. नवशिक्या माणूस ती इतकी घट्ट धरतो की पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही. शेजारची काकू नुसता हात लावून म्हणते, ‘सैल सोडा जरा.’ त्या स्पर्शातून जे कळतं, ते लिहून देता येत नाही.

साहित्याचं थोडक्यात सांगतो. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकर उसवताना गुंतते. सुया आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या, घ्या. आपल्याकडे अनेक दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबर मागाल तर सव्वातीन मिलिमीटरची सुई मिळेल. ‘मोठा नंबर म्हणजे जाड सुई’ असं समजून बरेच जण पहिल्याच दिवशी बारीक सुया घेऊन येतात.

आता शिकवण्याचा क्रम. पुस्तकं सुईवर टाके घालण्यापासून सुरुवात करतात, कारण वस्तू तिथून सुरू होते. शिकणं मात्र तिथून सुरू व्हायला हवं असं नाही. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडच्या उमेदवारांचा अभ्यास केला. एटिएन वेंगर यांच्यासोबत १९९१ साली लिहिलेल्या पुस्तकात त्याची चर्चा आहे. तिथे नवा मुलगा आधी गुंड्या लावतो, कडा दुमडतो. मग शिवायला शिकतो आणि कापड बेतायला सगळ्यात शेवटी. म्हणजे उत्पादनाच्या नेमका उलटा क्रम. यात फायदा असा की सुरुवातीच्या चुका स्वस्तात पडतात, आणि पूर्ण झालेली वस्तू कशी असते हे पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर राहतं.

आमच्या गटातही हेच करतात. जाणकार व्यक्ती वीस टाके घालून, दोन-चार ओळी विणून सुया नवख्याच्या हातात देते. त्याने फक्त सुलट विणत जायचं. टाके घालणं आणि बंद करणं नंतर. आणखी एक पथ्य आहे. शिकवणाऱ्याने समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. समोर बसलं की डावं-उजवं आरशासारखं उलटं दिसतं आणि शिकणारा गोंधळतो.

दर ओळीनंतर टाके मोजा. विसाचे तेवीस झाले, तर बहुधा ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे गेलेली असते, त्यामुळे पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो. किंवा लोकर चुकून पुढे राहून मध्येच जादा फास पडलेला असतो. टाका सुटला तर तो खाली शिडीसारखा उसवत जातो. घाबरू नका. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर ओढत तो परत सुईवर घेता येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलटा टाका येतो, आणि माझ्यासारख्याला खरी गंमत तिथे वाटते. सुलट टाका मागून पाहिला की तो उलटा टाका असतो. फास एकच, बाजू दोन. सुलट बाजूने पानासारखा आकार दिसतो, उलट बाजूने आडवी गाठ दिसते. हे एकदा डोळ्यांना दिसलं की कागदावरचा नमुना हरवला तरी चालतं, कारण आधीची ओळ वाचून पुढची विणता येते.

चुकलं तर काय? विणकाम एकाच सलग धाग्याचं असतं. टोक ओढलं की सगळं उसवतं आणि लोकर पुन्हा वापरता येते. साठीनंतर नवं काही शिकताना ‘चारचौघांत आपलं हसं होईल’ ही भीती फार मोठी असते. गटात जाणकार बायकासुद्धा शांतपणे दहा-दहा ओळी उसवताना दिसतात, तेव्हा ती भीती कमी होते. घरी एकट्याने व्हिडिओ बघताना हे दिसत नाही, कारण व्हिडिओत कुणी सहसा उसवत नाही.

मघाशी एका गृहस्थांनी विचारलं, ‘पुरुषांनी जायचं का?’ जरूर जा. पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर लोकरीच्या टोप्या पुरुषच विणतात. तिथल्या वस्त्रकलेचा युनेस्कोने २००५ साली गौरव केला. विणकाम बायकांचं, ही समजूत आपली.

त्या समजुतीची एक किंमतही आपण मोजतो. ज्या आजीला नुसत्या नजरेने मापाचा स्वेटर विणता येतो, तिला आपण ‘हौशी’ म्हणतो, जाणकार म्हणत नाही. तिचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात पूर्ण उतरलेलं नाही. ते तिच्या हातात आहे, आणि शेजारी कुणी बसलं तरच पुढे जाईल. बसलं नाही, तर तिच्याबरोबर संपेल.

म्हणून गट सुरू करायचा तर फार काही लागत नाही. वाचनालयाची किंवा सोसायटीची एखादी खोली, भरपूर उजेड, आठवड्यातला ठरलेला दिवस, दीड तास आणि दर तीन-चार नवख्यांमागे एक जाणकार. अशी एक जाणकार तुमच्या इमारतीत बहुधा असेलच. आधी तिला विचारा, मग लोकर आणायला जा.

आता प्रश्न घेऊ.