‘ध’चा ‘मा’ : आनंदीबाईला शिक्षा झाली का?

घरात एखादी सून हुशार निघाली, दिरा-नणंदांच्या भांडणात नवऱ्याची बाजू घेऊन ठासून बोलली, की मागून कुणीतरी पुटपुटतंच, “अगदी आनंदीबाई आहे हो!” आपणही कधीतरी हे बोललेल्या असतो. पण ज्या बाईचं नाव आपण असं शिवीसारखं वापरतो, तिची खरी हकीकत आपल्याला कितीशी ठाऊक असते?

मला हा प्रश्न पडला तो आमच्या पोशेऱ्यातल्या एका मुलीमुळे. वाक्प्रचार शिकवताना मी फळ्यावर ‘धरावे’ लिहिलं, ‘ध’ पुसून तिथे ‘मा’ काढला आणि नेहमीची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरून ती म्हणाली, “बाई, मग तिला शिक्षा झाली का?” मी क्षणभर गप्पच झाले. इतकी वर्षं गोष्ट सांगत होते, पण हे कधी मनातच आलं नव्हतं.

घरी येऊन पुस्तकं काढली. घटना आहे ३० ऑगस्ट १७७३ ची. गणपतीचे दिवस होते. पुण्याच्या शनिवारवाड्यात पेशवे नारायणराव, वय जेमतेम अठरा. त्यांचे काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. दुपारी सुमेरसिंग आणि त्याचे गारदी थकलेल्या पगाराचं निमित्त करून आत घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेले, त्यांना मिठी मारली. पण वाचले नाहीत. त्यांना पाठीशी घालणारा चापाजी टिळेकर हा सेवकही तिथेच मारला गेला. “काका, मला वाचवा” ही हाक तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे.

चौकशी केली रामशास्त्री प्रभुणे यांनी. त्यांनी ठपका ठेवला तो रघुनाथरावांवर. प्रायश्चित्त काय, असं खुद्द त्यांनीच विचारल्यावर शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि नोकरी सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. सत्ताधीशाच्या तोंडावर असं बोलायला केवढं धैर्य लागत असेल!

आता आनंदीबाई. ती गुहागरच्या ओकांची मुलगी, रघुनाथरावांची दुसरी बायको. पुतण्याला धरण्याचा हुकूम नवऱ्याने दिला आणि हिने त्यात ‘ध’चा ‘मा’ केला, अशी कथा. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. कागदातला शब्द बदललेला होता, असं तो लिहितो. मात्र तो कुणी बदलला हे सांगताना, आनंदीबाईने बदलला असं सगळे मानतात, एवढंच म्हणतो. हे लिहिलं गेलं खुनानंतर ५३ वर्षांनी. ‘सगळे मानतात’ आणि ‘सिद्ध झालं’ यांत केवढं अंतर आहे, ते घरात साधी वाटी हरवल्यावर मोलकरणीवर आळ आलेला पाहणाऱ्या बायकांना मी वेगळं सांगायला नको.

ती निर्दोष होती असं मी म्हणत नाही. नवरा पेशवा व्हावा असं तिला वाटत असणारच. पण गारद्यांशी संधान कुणाचं? गादी कुणाला मिळाली? या प्रश्नांची उत्तरं रघुनाथरावांपाशी जातात. तरी गोष्टीत ते ‘काका’ राहिले आणि खुनी ठरली ती बायको. पुरुषाच्या पापाचं ओझं बाईच्या पदरात टाकलं की सगळ्यांनाच हलकं वाटतं.

आणि शिक्षा? नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिच्या बाजूने कारभार हाती घेतला आणि १७७४ साली सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले; १७७५ च्या सुरतेच्या तहातून इंग्रजांशी पहिलं मोठं युद्ध पेटलं. त्याच वर्षी नवरा दूर गुजरातेत असताना आनंदीबाई धारच्या किल्ल्यात बाळंत झाली. तोच पुढचा दुसरा बाजीराव. १७८३ साली रघुनाथराव कोपरगावला वारले तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. उरलेली वर्षं तिने पेशव्यांच्या देखरेखीखाली काढली आणि १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीला देह ठेवला. न्यायासनासमोर तिचा निकाल कधी लागला नाही. निकाल लावला तो लोकांनी. १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात ललिता पवारांनी तिची भूमिका केली, आणि पुष्कळांच्या मनात तोच चेहरा कायमचा बसला.

असं आपल्याकडेच घडलं असंही नाही. दक्षिण अमेरिकेत चिली देशात सतराव्या शतकात कातालिना नावाची बडी जमीनदारीण होऊन गेली. लोक तिला ‘ला किन्त्राला’ म्हणतात. बापाला विष घातल्याचा आणि गुलामांना हालहाल करून मारल्याचा तिच्यावर आरोप होता. चौकशी सुरू झाली, पण निकालाआधीच १६६५ मध्ये ती वारली. दोनशे वर्षांनी, १८७७ साली, एका इतिहासकाराने तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि ती साऱ्या देशाची ‘राक्षसीण’ झाली. तिथे मेलेल्या गुलामांचं दुःख खरंच होतं. पण त्या गुलामांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? आपल्याला तरी चापाजी टिळेकर कुठे आठवतो?

आमच्या डोंगरपट्ट्यात हा विषय नुसता पुस्तकातला नाही, बरं का. पाड्यावर मूल दगावलं, गुरं मेली, की एखाद्या एकट्या म्हातारीला ‘भुताळी’ ठरवल्याच्या गोष्टी इकडे ऐकायला मिळतात. तिथेही पुरावा एकच, ‘सगळे म्हणतात’. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायदा पोचायच्या आधी जिभा पोचतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं, “शिक्षा झाली बाळ, पण खटला न चालवता. आणि ती अजून संपलेली नाही.” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग बाई, फळ्यावर लिहिताना ‘असं म्हणतात’ हेही लिहा ना!”

आता मी लिहिते. तुम्हीही पापड लाटताना, लग्नघरात, नळावर कुणाबद्दल काही कानावर आलं, तर पुढे सांगताना तेवढे दोन शब्द जोडा. आणि जमलं, तर पुढे सांगूच नका.