जबड्यात अडकलेला दगड

हुबळीतल्या उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिराचा दगड छिन्नी-हातोड्याने घडला, तो चालुक्यांच्या काळात. आजची खडी विजेवर फुटते, आणि हुबळी-धारवाड भागात ती वीज हेस्कॉम ही वीज कंपनी पुरवते.

खडी फोडणारं क्रशर यंत्र चालवणाऱ्याला खरी धास्ती असते ती ऐन भरात वीज जाण्याची. क्रशरच्या जबड्यात दगड तसेच अडकतात आणि वीज परत आली तरी भरलेला जबडा हलत नाही. मग कामगारांनी आधी मोटरची वीज पक्की तोडायची, दगड उपसायचे आणि त्यानंतरच यंत्र सुरू करायचं. जोखमीचं काम आहे हे! थेट सुरू केलेली मोटर क्षणभर नेहमीच्या सहा-सातपट करंट ओढते, म्हणून तिला हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावतात. तीनपैकी एक फेज गेली तर मोटर जळू शकते, म्हणून अशा वेळी मोटर बंद करणारा रिले हवाच.

वीज जाण्याची ही धास्ती खोल खाणीत आणखी मोठी: तिथे तर पाणी उपसणारे पंप आणि माणसांना वर आणणारा पाळणाही विजेवरच चालतो.

खाणींना वीज पुरवण्याचा प्रश्न आजच्या कर्नाटकात फार पूर्वी हाताळला गेला. कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी १९०२ साली शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रापासून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढल्या गेल्या. बंगळूरचे रस्ते त्याच केंद्राच्या विजेने उजळले ते १९०५ मध्ये, खाणींच्या नंतर.