हलके आमिष दूर कसे जाईल?

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलावाच्या पाळीवर गळ घेऊन बसणारे शेतकरी बंधू थोडे नाहीत. दोन-तीन ग्रॅमचे कृत्रिम आमिष पुढे जाईना, म्हणजे मनुष्य पाण्यात शिरतो. आम्हीही एकदा असेच मांडीपर्यंत गाळात रुतलो; सोबत्याने बांबू पुढे केला म्हणून वाचलो.

अंतर दंडाच्या जोराने वाढत नाही, दोरीचा अडथळा घटविल्याने वाढते. झटका मागाच्या धोट्यातील कांडी स्वतः न फिरता टोकावरून सूत सोडते. हेच तत्त्व इंग्लंडातील इलिंगवर्थ यांनी १९०५ साली गळाच्या रिळास लाविले.

सबब दोरी बारीक घ्यावी. जाडी निम्मी केल्यास वजन चौथाई होते. रीळ कडेखाली दोन मिलिमीटर राखून भरावे. कमी भरल्यास दोरी कडेस घासते. काठीचा शेंडा इतका लवचिक असावा की, आमिषाच्या भारानेच तो वाकावा. वारा पाठीशी घ्यावा.

मात्र जाडीबरोबर दोरीचे बळही त्याच मानाने घटते. कमळवेलीत शिरणाऱ्या मोठ्या मरळीस ती पुरणार नाही. तलाव ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असल्यास त्यांची अनुमती आधी घ्यावी. आणि आमिष तरीही न पोहोचल्यास जागा बदलावी, पाण्यात उतरू नये.