कामाची वही आणि उमेदवारी

चित्रकलेंत गति असलेल्या मुलानें डिझाईन शिकण्याची इच्छा दर्शविली कीं घरांतील वडील मंडळी चिंतेंत पडतात. ही चिंता अकारण नाहीं. या शिक्षणास खर्च बराच येतो, आणि केवळ पदवी पाहून काम देणारे थोडेच. काम देणारा प्रथम वही मागतो. तिलाच पोर्टफोलिओ म्हणतात. हल्लीं ती बहुधा संगणकाच्या पडद्यावर पाहिली जाते इतकेंच. वस्तुतः ती आपल्या निवडक कामांचा संग्रह होय.

ती कशी असावी? १९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारास एक अहवाल सादर केला. त्याच्या आधारें १९६१ सालीं अहमदाबाद येथें राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली. त्या अहवालांत लोट्याचें, म्हणजे आपल्या साध्या तांब्याचें, मोठें कौतुक आहे. परंतु तो सुंदर आहे एवढेंच म्हणून ते थांबले नाहींत. त्यांत पाणी किती मावावें, तो डोक्यावरून न्यावयाचा कीं कमरेवरून, उचलणारे हात केवढे, भरलेला व रिकामा असतां तोल कसा राहतो, किंमत काय पडते, असे प्रश्न त्यांनीं एकामागून एक मांडले. वहींत दिसावयास हवेत ते असेच प्रश्न.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीनें आपल्या गांवच्या एस. टी. स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक नव्यानें करावयास घेतला. शेवटचा रंगीत फलक तेवढा वहींत लावला, तर पाहणारा ‘छान’ म्हणून पान उलटील. पण दोन तास तेथें उभें राहून तिनें काय टिपलें, म्हाताऱ्या बायका फलक न वाचतां खिडकीशीं जाऊन कां विचारतात, अक्षरें किती अंतरावरून वाचतां येतात, पहिले दोन आराखडे कां फसले, हें सर्व क्रमानें मांडलें तर तिची विचार करण्याची रीत दिसते. काम देणारास तीच हवी असते. प्रसिद्ध कंपन्यांचीं बोधचिन्हें आपल्या मनानेंच बदलून काढण्याची हौस पुष्कळांस असते. मला तिचें फारसें कौतुक वाटत नाहीं, कारण तेथें ना गिऱ्हाईक, ना खर्चाची मर्यादा. चारसहा कामें पुरेत. चौघांनीं मिळून केलेल्या कामांत आपला वाटा कोणता, हें स्पष्ट लिहावें.

म्हणून कच्चीं पानें जपावीं व त्यांवर तारीख घालावी. कित्येक संस्था प्रवेशाच्या वेळींही पूर्वीचें काम पाहतात. पालकांनीं दिवाळीच्या साफसफाईंत हीं पानें रद्दींत जाऊं देऊं नयेत!

आतां उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप. ज्यांची कोठें ओळख नाहीं त्यांस ही गोष्ट अवघड वाटते. पण एकच अर्ज पन्नास ठिकाणीं पाठविण्यापेक्षां पांच ठिकाणीं निराळीं पत्रें लिहिणें बरें. सुटी लागण्याच्या दोनतीन महिने आधीं लिहावें. त्या मंडळींचें कोणतें काम आपण बारकाईनें पाहिलें, त्यांत काय शिकावेंसें वाटतें, व आपण किती आठवडे येऊं शकूं, एवढें थोडक्यांत असावें. दहाबारा दिवसांनीं एकदां नम्रपणें आठवण देण्यास हरकत नाहीं. मोठ्या शहरांतच जावें असेंही नाहीं. तालुक्याच्या छापखान्यांत कागद, शाई व गिऱ्हाइकाची घाई यांचें जें ज्ञान मिळतें तें वर्गांत मिळणें कठीण.

विद्यावेतन मिळेल कीं नाहीं, काम कोणतें, वेळ किती, हें आधींच लेखी विचारून घ्यावें. त्यांत उर्मटपणा नाहीं. उमेदवारीसाठीं उलट पैसे मागणाऱ्यापासून मात्र दूर राहावें. तेथें केलेलें काम वहींत घालण्यापूर्वीं परवानगी मागावी. न मिळाल्यास चित्र न लावतां आपण काय केलें तें दोन ओळींत लिहावें.