फुकट दुरुस्ती हा उपकार नव्हे

मोटारीत लहान मुलांसाठी बसवायची बेबी सीट आता नगरच्या रस्त्यांवरही दिसते. आमच्या नातवासाठी आम्ही पुण्याहून एक आणली. किंमत १४,००० रुपये. सातव्या महिन्यात खांद्यावरच्या पट्ट्याची शिवण उसवली. दुकानदार म्हणाले, "कंपनीला विचारा." कंपनी म्हणाली, "वापराने झीज झाली, पैसे पडतील." खोक्यावर तर दोन वर्षांची वॉरंटी छापलेली!

आमच्याच दुकानातला कारागीर म्हणाला, "शेठ, दहा मिनिटांत शिवून देतो." आम्ही नको म्हटले. कापडात आमची उमर गेली. साधी शिवण वेगळी आणि जोराच्या झटक्यात मुलाचे वजन पेलणारी शिवण वेगळी. असा पट्टा कंपनीकडूनच बदलून घ्यावा. मोठा अपघात झालेली सीट तर दुरुस्त करूनही वापरू नये, कारण आतली मोडतोड बाहेरून दिसत नाही.

मग आम्ही पत्र लिहिले. सोबत बिलाची व वॉरंटी कार्डाची नक्कल आणि उसवलेल्या शिवणीचा फोटो जोडला. दुकानदार व कंपनी दोघांनाही रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पंधरा दिवसांची मुदत दिली. बाराव्या दिवशी नवा पट्टा आला, विनामूल्य. फोनवर जे झाले नाही ते कागदाने झाले.

पत्रानेही काम झाले नाही तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तेथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार माल पुण्यात घेतला असला तरी ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी. बिल नसेल तर सारे अवघड होते, म्हणून पक्के बिल मागून घ्यावे.

आता थोडे आपल्या व्यापारी बंधूंसाठी. हे पत्र लिहिताना आमची नजर आमच्याच बिलबुकावर गेली. खाली छापले होते, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." याच कायद्याप्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा तीच. ती ओळ आम्ही नव्या बिलबुकातून काढून टाकली आहे.

गिऱ्हाईक म्हणून जो हक्क आपण मागतो, तो गल्ल्यावर बसल्यावर दुसऱ्याला नाकारू नये. वॉरंटी हा छापील वायदा आहे आणि वायदा पाळला तरच बाजारात पत राहते.